पहिल्या दिवसाचं फूल

भाचा तळ्याच्या कठड्यावर पालथा पडून नुकत्याच उमललेल्या निळ्या कुमुदिनीत डोकावत होता. मी पलीकडे पिवळी पडलेली पानं कापत होते. "मावशी, हिच्यात मधमाशी मेलीय," तो म्हणाला. बुडाली असेल, असं मी मान वर न करताच म्हटलं. "तळ्यात नाही गं, फुलात बुडालीय. फुलाला आत एवढं पाणी कशाला लागतं?" मग मात्र मी उठून गेले. पाकळ्यांच्या मधोमध, पुंकेसरांच्या पिवळ्या कड्याच्या आत एक उथळ वाटी होती. ती काठोकाठ नितळ द्रवानं भरलेली होती आणि त्यात मधमाशी पडली होती, पाय पोटाशी घेतलेले, पंख ओल्यानं चिकटलेले. वाऱ्याच्या झुळकीनं फूल डुललं की तीही आतल्या आत थोडी फिरायची. भाच्यानं काडीनं तिला बाहेर काढलं, कठड्यावर उन्हात ठेवलं, थोडा वेळ वाट पाहिली. तेवढ्यात त्याला बेडूक दिसला आणि तो उठून गेला. मी तिथेच बसून राहिले, हातातली कात्री तशीच.

तसं पाहिलं तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. कुमुदिनीचं एक फूल तीन-चार दिवस टिकतं. दिवसा फुलणाऱ्या जातींचं फूल उन्हं चढू लागली की उघडतं, दुपार कलली की मिटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतं. लांबून पाहणाऱ्याला सगळे दिवस सारखेच. पण पहिल्या दिवशी ते फूल फक्त मादी असतं. परागकोश अजून मिटलेले, पुंकेसर बाजूला उभे आणि मधली कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी ती वाटी, मोकळी. तिच्यातला द्रव पावसाचा नसतो, दवाचा नसतो आणि तळ्याचाही नसतो, तो फुलानंच पाझरलेला असतो. दुसऱ्या दिवशी सगळा मामला उलटतो. वाटी कोरडी पडते, आतले पुंकेसर वाकून तिच्यावर झाकण घालतात, परागकोश फुटतात आणि तेच फूल आता नर म्हणून वावरू लागतं. या फुलांत मकरंद नसतो. मधमाशी येते ती परागासाठी. आदल्या दिवशी उमललेल्या एखाद्या फुलात लोळून, अंगभर पिवळी होऊन ती पहिल्या दिवसाच्या फुलावर उतरते, तोच रंग, तोच वास, म्हणून इथेही काही मिळेल या हिशेबानं. मिळत काहीच नाही. पुंकेसर गुळगुळीत असतात आणि तिच्या वजनानं लवतात. पाय सुटतो आणि ती थेट वाटीत पडते. अंगावरचा पराग त्या द्रवात धुतला जातो आणि कुक्षीवर बसतो. फुलाचं काम तिथे संपलं. माशी बाहेर पडली तर पडली.

पुष्कळ माश्या पडतातही बाहेर. धडपडत, पंख झाडत, पाकळीवर बसून पाय पुसत. मी पाहिल्यात. पण काही पडत नाहीत.

आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस तळ्यापाशी उभा राहून म्हणतो, "किती शांत वाटतं इथे." मीही पूर्वी तसं म्हणायची. आता ऐकलं की मनात थोडं हसू येतं. तळं शांत दिसतं ते आपण उभे असतो म्हणून. गुडघे टेकून, नाक पाण्यापासून वीतभर अंतरावर आणून बसलं की शांतता कुठल्या कुठे जाते. पानाच्या खालच्या बाजूला गोगलगायीच्या अंड्यांचे चिकट पुंजके असतात. पाण्यातल्या एका पतंगाची अळी पानाचा लंबगोल तुकडा कापते, तो दुसऱ्या पानाला रेशमानं शिवते आणि त्या खोळीत राहून पान खात सुटते. कापणी इतकी सफाईदार की राग यायच्या आधी कौतुक वाटतं, राग नंतर येतो, पानांची चाळण झाली की. चतुराची पिल्लं तळाच्या गाळात दबा धरून असतात आणि माशांच्या पिल्लांनाही सोडत नाहीत. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. त्यासाठीच मी ते सोडलेत आणि त्या जेवणाकडे मी समाधानानं पाहत असते. कळ्यांच्या देठांवर मावा बसतो, काळपट, दाटीवाटीनं. त्यावर मी औषध मारत नाही, मासे मरतील. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून जोराची धार मारते, मावा पाण्यात पडतो आणि मासे धावून येतात. एका सकाळी शेकड्यांनी जीव असे माझ्या अंगठ्याखालून जातात, आणि त्यानंतर मी चहा घेते.

मग त्या एका मधमाशीचंच काय घेऊन बसले?

हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आणि पहिलं सुचलेलं उत्तर असं, की मावा माझा शत्रू आणि मधमाशी पाहुणी. पण ते काही खरं नाही. मी मधमाशीसाठी काही लावलेलं नाही. ही फुलं मी लावली ती माझ्यासाठी, आणि थोडी येणाऱ्याजाणाऱ्यांनी थबकून बघावं म्हणून. उष्ण कटिबंधातल्या कुमुदिनींचा थाट वेगळाच असतो. थंड प्रदेशातल्या जातींची फुलं बहुतेक पाण्यावर टेकलेली असतात. यांची मात्र लांब देठावर, पाण्याच्या वर हातभर ताठ उभी राहतात. निळा आणि जांभळा हे रंग मुळात यांच्यातच. पानांच्या कडा दातेरी आणि कोवळ्या पानांवर तांबूस-जांभळे शिंतोडे. आणि वास! सकाळी दहाच्या सुमाराला तळ्याच्या वाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं तर एक गोड, किंचित औषधी झाक असलेला वास येतो. तो नाकानं पकडायला गेलं की निसटतो आणि सोडून दिलं की परत येतो.

या थाटाच्या मुळाशी जे असतं ते कुणी बघत नाही. कुमुदिनी लावणं हे चिखलाचं काम आहे. कुंडी खोल नको, पसरट हवी. माती जड, चिकण हवी. बाजारातली कुंड्यांसाठीची हलकी, भुसभुशीत माती घातली तर ती तरंगून वर येते आणि पानांचा कुजका अंश पाणी घाण करतो. कंद लावताना त्याचा कोंब मातीच्या वर मोकळा ठेवायचा आणि वर बारीक खडीचा थर द्यायचा, नाहीतर मासे माती उकरून सगळं पाणी गढूळ करतात. सुरुवातीला कोंबावर वीतभर पाणी पुरे, पानं वाढली की कुंडी आणखी खाली उतरवायची. ऊन रोज पाच-सहा तास तरी हवं आणि पाणी हलतं नको. कारंज्याचे तुषार पानांवर पडत राहिले तर झाड रुसतं, म्हणून कारंजं आणि कुमुदिनी यांचं एका तळ्यात जमत नाही. खताच्या गोळ्या मुळांजवळ चिखलात खोल खुपसायच्या, पाण्यात विरघळल्या तर शेवाळाची चंगळ. आणि घाई करायची नाही. पाणी 21 अंश सेल्सिअसच्या वर स्थिर होण्याआधी कंद लावला तर तो पुढे सरकत नाही, उलट परत झोपी जातो. वर्ष झालेली कुंडी वर काढून उलटी केली की कुजलेल्या अंड्याचा वास येतो, काळ्याभोर गाळाचा. कितीही साबण लावा, तो नखांत राहतो. ज्या हातांना तो वास येतो त्याच हातांनी दुसऱ्या दिवशी फूल तोडून नाकाशी धरायचं. ही गंमत मला फार आवडते, पण ती सांगितली की लोक जरा मागे सरकतात.

या चिखलात मूळ जगतं कसं, हे तर आणखी अजब. गाळात हवा नसते. पाण्यावरच्या कुमुदिनीचं पान श्वास घेतं ते वरच्या बाजूनं, कारण खालची बाजू पाण्याला टेकलेली. देठ कापला तर आत लांबलचक पोकळ नळ्या दिसतात. कुमुदिनीच्याच कुळातल्या पिवळ्या फुलाच्या एका पाणवनस्पतीवर काम करताना संशोधकांना दिसलं, की उन्हानं तापलेली कोवळी पानं हवा आत ओढतात, ती दाबानं देठांतून खाली गाळातल्या खोडापर्यंत जाते आणि जुन्या पानांतून बाहेर पडते. म्हणजे ज्या म्हाताऱ्या पानांना मी "तळ्याची शोभा घालवतात" म्हणून कात्री लावते, त्यांनाही काम असतं. तेव्हापासून अर्धवट पिवळ्या पानाला मी हात लावत नाही, पूर्ण पिवळं होऊ देते. येणाऱ्यांना ते आळशीपणाचं वाटतं. वाटू दे.

पण मधमाशी डोक्यातून जात नव्हती, आणि कारण हळूहळू लक्षात आलं. ती ज्या फुलात बुडाली ते 'डॉबेन'चं होतं. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात 1851मध्ये पाणवनस्पतींसाठी काचघर उभं राहिलं ते चार्ल्स डॉबेनी तिथे प्राध्यापक असताना, आणि ही फिकट निळी संकरित जात त्यांच्याच नावानं ओळखली जाते. हौशी लोकांची ती लाडकी आहे, कारण लहान टबात, थोड्या कमी उन्हातही फुलते. तिची खरी कमाल पानात आहे. जिथे देठ पानाला मिळतो तिथे, पानाच्या वरच्या बाजूला एक गाठ येते, तिला बारीक पानं फुटतात, मुळं फुटतात, आणि कधीकधी आईच्या पानावर बसलेलं ते एवढंसं रोप स्वतःचं नखाएवढं फूलही काढतं. जून पान कुजून सुटलं की रोप तरंगत जातं आणि काठाच्या चिखलात रुजतं. डॉबेनला वंश वाढवायला बी लागत नाही. आणि माझ्या डॉबेनला बोंड धरलेलं मी कधी पाहिलेलं नाही. बऱ्याच संकरित कुमुदिनींचं असंच असतं, बी धरतच नाहीत.

तरीसुद्धा पहिल्या दिवशी वाटी भरलेली असते.

हे मला खुपलं. पाहुणे बंद झाले तरी रोज ताटं मांडणारं घर असावं, तसं ते फूल. द्रव पाझरतो, पुंकेसर बाजूला होतात, माशी घसरते, पराग धुतला जातो, आणि पुढे काही नाही. मूळ जातीच्या फुलात माशी बुडाली तर निदान पाण्याखाली बोंड तरी धरतं. इथे व्यवहाराची एक बाजू माणसानं कधीच काढून घेतली आहे आणि दुसरी बाजू, मरायची, तशीच चालू आहे. फुलाला याची खबर नाही. माशीला नाही. राहिले मी, आणि मीच ही जात निवडून लावली, फूल जास्त दिवस येतं म्हणून.

संकर करणाऱ्यांना ही वाटी फार चांगली ठाऊक असते. त्यांचं सगळं कसब तिच्याभोवती आहे. उद्या उमलणारी कळी आज हेरायची, ती अलगद उघडून पुंकेसर चिमट्यानं खुडून टाकायचे आणि दुसरं कोणी घुसू नये म्हणून जाळीची पिशवी बांधायची. सकाळी दुसऱ्या एखाद्या जातीच्या जुन्या फुलातला पराग आणून त्या द्रवात सोडायचा, पिशवी परत बांधायची. माशीचं काम माणूस करतो, न बुडता. जॉर्ज प्रिंग नावाचा माणूस 1906मध्ये लंडनच्या क्यू उद्यानातून अमेरिकेतल्या मिसुरी वनस्पती उद्यानात आला तो ऑर्किडसाठी, आणि पुढे नाव मिळवलं ते उष्ण कटिबंधातल्या कुमुदिनींत. त्याच्या हातून निघालेली पांढरी, पिवळी, गर्द जांभळी फुलं आजही जगभरच्या तळ्यांत आहेत. पिवळ्या रंगासाठी त्यानं आफ्रिकेतली एक रानटी जात वापरली आणि त्यातून झालेल्या फुलाला 'सेंट लुई' असं आपल्या शहराचं नाव दिलं. असे कित्येक पराग त्यानं कित्येक वाट्यांत सोडले असतील आणि बहुतेक रोपं फेकून दिली असतील. संकर करणाऱ्याची निष्ठुरता फुलापेक्षा कमी नसते. फक्त ती वहीत नीट लिहून ठेवलेली असते.

सगळीच पाणफुलं अशी वागतात असंही नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातली ती परातीएवढ्याहून कितीतरी मोठ्या पानांची व्हिक्टोरिया, जिला चॅट्सवर्थच्या काचघरात 1849मध्ये जोसेफ पॅक्स्टननं फुलवलं, तिचं फूल पहिल्या रात्री पांढरं उमलतं, स्वतः तापतं, घमघमतं आणि भुंगेरे आत आले की मिटतं. आत त्यांना ऊब असते आणि खायला पिठूळ गर. दुसऱ्या संध्याकाळी फूल गुलाबी होऊन उघडतं तेव्हा ते पराग माखून जिवंत बाहेर पडतात. कैद तीही, पण पाहुणचारासकट. आणि रुवांडातल्या एका उष्ण झऱ्याकाठी 1980च्या दशकात सापडलेली सगळ्यांत चिमुकली कुमुदिनी, जिची पानं रुपयाएवढीसुद्धा भरू शकतात, ती तर कुणाला बोलावतच नाही, आपलं आपणच बी धरते. झऱ्याचं पाणी वळवलं गेलं आणि ती तिथून नाहीशी झाली. क्यूमध्ये कार्लोस मॅग्डालेना यांनी 2009मध्ये तिची रोपं जगवून फुलवली, तीही इतर कुमुदिनींसारखी पाण्याखाली न ठेवता, पाण्याच्या पातळीला ओल्या मातीत. पाचच वर्षांत, 2014च्या जानेवारीत, तिथून तिचं एक रोप कोणीतरी चोरून नेलं. माशीशिवाय भागवणाऱ्या फुलालाही माणसाशिवाय भागवता येत नाही, आणि माणसापासून सुटकाही नाही.

डॉबेन काढून टाकावी असं काही दिवस वाटत होतं. काढली नाही. रोज सकाळी पहिल्या दिवसाची फुलं हेरून त्यांच्यातला द्रव ड्रॉपरनं उपसावा, असंही मनात आलं आणि तेवढ्या उत्साहानं मावळलं. हा आपल्या मनाच्या स्वच्छतेचा खटाटोप, माशीशी त्याचा संबंध थोडाच. एक मात्र केलं. शेजारच्या टबात मूळ जातीची, संकर नसलेली निळी कुमुदिनी आणून लावली. फूल जरा लहान, पाकळ्या कमी, वास मात्र तितकाच. तिच्या वाटीतही माशी पडते, मी पाहिली. पण चार दिवस झाले की फुलाचा देठ वळतो, फूल पाण्याखाली ओढलं जातं आणि तिथे बोंड पिकतं. बोंड फुटलं की बी वर येतं, प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत खोळ, तिच्यात हवा. दिवसभर सगळ्या पाण्यावर बारीक साबुदाण्याचा थर तरंगतो आहे असा भास होतो. मग खोळी विरतात आणि बी जिथे असेल तिथे बुडतं.

बुडतं, आणि उगवतं. मी हे गृहीत धरलं नव्हतं, म्हणजे एवढं नव्हतं. वर्षभरात त्या टबात, एका कुंडीतून उचललेल्या पाण्याबरोबर मोठ्या तळ्यात, डॉबेनच्या कुंडीत, खडीच्या फटींत, पंपाच्या जाळीवर, सगळीकडे बाणाच्या टोकासारखी बारीक लालसर पानं. आता मी ती तण म्हणून उपटते. मुठी मुठी. या निळ्या जातींची भावकी किती पसरू शकते हे ऑस्ट्रेलियात पाहायला मिळतं, तिथे आफ्रिकेतली निळी कुमुदिनी बागांमधून सुटून ओढ्या-तळ्यांत तण होऊन बसली आहे. म्हणून उपटलेली रोपं मी बाहेरच्या कुठल्याही पाण्यात टाकत नाही, उन्हात कडक वाळवून खताच्या खड्ड्यात घालते. मागायला येणारेही आता कमी झालेत, कारण एकेकाला आधीच चार-चार दिली आहेत.

दोन रोपं तेवढी वेगळी ठेवली आहेत. एकाची पानं आईसारखीच हिरवी, दुसऱ्याच्या पानाखालचा जांभळा आईपेक्षा गडद आहे आणि वर शिंतोडे आहेत, जे तिच्यावर नाहीत. कुठल्या तळ्यातून, कुणाच्या अंगावरून तो पराग आला असेल, सांगता येत नाही. कदाचित तसं काही नसेलही, कोवळ्या पानांचा रंग पुष्कळदा फसवतो. पहिली कळी येईपर्यंत कळायचं नाही, आणि तिच्या कुंडीतली माती मला अजून बदलायची आहे.